बिघडलं कोण, टीव्ही की मी?

सप्रेम नमस्कार.

माझं वय ६१. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात असतात. गेल्या वर्षभरात दोघांनी मोठ्या हौसेनं आमचं घर 'स्मार्ट' करून दिलं. मोठा टीव्ही आला, फोनवरून लागणारे दिवे आले, दारावरची घंटा बदलली, मला नवा फोन मिळाला. आता दिवा लावायचा तर आधी चष्मा शोधा, मग फोन शोधा. ह्यांनी सवयीनं भिंतीवरचं बटन बंद केलं की फोन सांगतो, दिवा सापडत नाही. अहो, समोर लटकतोय! टीव्हीवर जुना सिनेमा लावला तर तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. हे म्हणतात, तुला भास होतो. व्हिडिओ कॉल नेमका स्वयंपाकघरात अडकतो. सारख्या दिसणाऱ्या चार केबल आहेत, त्यातल्या दोनच चालतात आणि त्या कुठल्या हे रोज नव्यानं शोधायचं. पासवर्डांची वही केली आहे, ती कपाटात कपड्यांखाली लपवते.

आनंद नाही असं नाही. अक्षरं मोठी करून मी पुन्हा वाचायला लागले आहे. सकाळी टीव्हीवर नातीचे फोटो आपोआप येतात तेव्हा हातातलं काम थांबतं.

पण काही अडलं की मुलाला फोन. परवा एका दिवसात सहाव्यांदा केला तेव्हा त्याचा आवाज बदलला. 'आई, बंद करून चालू कर ना,' एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी त्याला अशा कारणासाठी फोन केलेला नाही. टीव्ही रिमोटला दाद देत नाही, म्हणून चार दिवस बंदच आहे. सगळं परत घेऊन जा असं सांगू का? की मीच ढ आहे?

– एक वाचक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. केबल, दिवे, टीव्ही या सगळ्यांना उत्तरं आहेत आणि ती मी देतो. पण पत्र तुम्ही लिहिलंत ते 'त्याचा आवाज बदलला' या तीन शब्दांसाठी, एवढं मला कळतं. त्या शब्दांकडे येतोच. आधी चार दिवस रुसून बसलेला टीव्ही सुरू करू. घरात आवाज झाला की बोलायला बरं पडतं.

फोनचा कॅमेरा उघडा. रिमोटच्या पुढच्या टोकाला बारीक बल्ब किंवा काळपट काच असते. ते टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि चालू-बंदचं बटन दाबून ठेवा. फोनच्या पडद्यावर तिथे एक जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण रिमोट इन्फ्रारेड प्रकाशात बोलतो. कॅमेऱ्याला मात्र दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. मागच्यावर हा प्रकाश अडवणारी गाळणी बऱ्याचदा जास्त कडक असते. ठिपका दिसला म्हणजे रिमोट धडधाकट. मग टीव्हीच्या खालच्या कडेला, मधोमध, त्याचा 'डोळा' असतो, त्याच्यासमोर फोटोची चौकट वगैरे आडवी आली आहे का बघा. ठिपका दिसला नाही तर सेल बदला. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. खाचेतल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर कोरड्या कापडानं घासून काढा. हल्लीचे काही रिमोट ब्लूटूथवरही बोलतात, पण चालू-बंदचं बटन बऱ्याच टीव्हींत अजून जुन्या पद्धतीचंच असतं. आणि काहीच जमलं नाही तर टीव्हीच्या पोटाखाली हात घालून चाचपडा. एक बटन तिथे लपवलेलं असतं. ते का लपवतात, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

हे सदर लिहायला लागण्याआधी मी सव्वीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत काढली. 'टीव्ही गेला' म्हणून बोलावणं यायचं आणि रिमोटचे सेल संपलेले निघायचे, हे इतकं नेहमीचं की मी खिशात दोन नवे सेल घालूनच घराबाहेर पडायचो. सेल घातले, टीव्ही लागला, की माणसं ओशाळायची. 'अगबाई, एवढंच होतं होय!' त्या ओशाळण्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो.

१९५६ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं 'स्पेस कमांड' नावाचा रिमोट आणला. रॉबर्ट ॲडलर हे त्यामागचे अभियंते. त्या रिमोटमध्ये सेलच नव्हता. बटन दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, कांडीतून माणसाला ऐकू न येणारा उंच सूर निघायचा आणि तो ऐकून टीव्ही चॅनेल बदलायचा. प्रत्येक कांडीची लांबी वेगळी, म्हणून सूर वेगळा. (किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनेल बदलायचं, तो भाग वेगळा.) एवढी उठाठेव कशासाठी? तर कंपनीच्या विक्रीवाल्यांनी हट्ट धरला होता की रिमोटमध्ये सेल नको. सेल संपला तर गिऱ्हाइकाला वाटेल, टीव्हीच बिघडला.

बघा हं. गिऱ्हाइकाचा घोळ होऊ शकतो, हे कारखान्यात बसलेल्या माणसांनी आधीच ताडलं आणि तो निस्तरायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. गिऱ्हाइकाला काही शिकवायला गेले नाहीत. वस्तूच तशी केली. आज ते ओझं गुपचूप तुमच्या डोक्यावर आलंय. तेव्हा सेल संपला तर 'टीव्ही बिघडला' असं वाटेल ही कंपनीला धास्ती होती. आज टीव्ही, दिवा, राऊटर (घरभर वायफाय देणारा तो डबा), काहीही अडलं तरी तुम्हाला वाटतं, मी बिघडले.

तुम्ही ढ आहात की नाही याचा निकाल तुमच्या पत्रातच आहे, तो गुळगुळीत सिनेमा. ह्यांना सांगा, भास नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगानं टिपलेला असतो. बोलपट आल्यापासून हाच आकडा रूढ आहे. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र नवं करतो. मग मधल्या रिकाम्या जागा भरायला टीव्ही आपल्या मनानं चित्रं रचून घालतो. नायिका मान वळवते तेव्हा अर्धी वळलेली मान कॅमेऱ्यानं कदाचित टिपलेलीच नसते. ती तुमच्या टीव्हीची कल्पनाशक्ती असते. मालिका आणि बातम्या वर्षानुवर्षं सेकंदाला ५० किंवा ६० च्या वेगानं टिपल्या गेल्या, म्हणून तो गुळगुळीतपणा डोळ्यांनी 'मालिका' या खात्यात टाकून ठेवलाय. या प्रकाराला जगभर 'सोप ऑपेरा इफेक्ट' म्हणतात. सोप ऑपेरा म्हणजे मालिकाच की! नेमका शब्द तुम्ही कोणी न सांगता वापरलात.

चित्राच्या सेटिंगमध्ये जा. प्रत्येक कंपनीनं या करामतीला आपलं नाव दिलंय, पण त्यात बहुधा 'मोशन' हा शब्द सापडतो. ते बंद करा. टीव्ही अलीकडचा असेल तर 'फिल्ममेकर मोड' नावाची एक सोय असेल. खुद्द सिनेमा दिग्दर्शकच या गुळगुळीतपणाला वैतागले होते, त्यांच्या तक्रारींतून २०१९ मध्ये ती आली. ती निवडली की ही सगळी लुडबुड एका फटक्यात थांबते. पहिले दोन दिवस चित्र जरा पिवळट आणि मंद वाटेल. तेच खऱ्याच्या जवळचं आहे. कारखान्यातून टीव्ही निघतो तो दुकानातल्या भगभगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून नटवलेला. तुमच्या बैठकीच्या खोलीचा विचार कोणी केलेला नसतो. सामना बघताना हवं तर 'मोशन' पुन्हा चालू करा, चेंडूला ते शोभतं.

दिव्यांच्या बाबतीत मी सरळ तुमच्या मुलाच्या विरुद्ध बाजूला आहे. स्मार्ट बल्ब विझलेला असतानाही जागा असतो. फोनचा हुकूम ऐकायला त्याच्या पोटातला छोटा रेडिओ सतत चालू राहावा लागतो आणि त्याला वीज लागते. ह्यांनी भिंतीवरचं बटन बंद केलं की बल्ब बहिरा होतो. ह्यांचं चुकलं का? बटन बंद करून खोलीबाहेर पडणं ही चांगली सवय आहे, जन्मभर लावून घेतलेली. ती मोडायला लावणारा दिवा शहाणा कसा म्हणायचा? रात्री दोन वाजता, पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला कोणाला न उठवता लावता आला पाहिजे, तो दिवा. बाकी सगळी खेळणी.

तरी स्मार्ट बल्ब फेकायला लागणार नाहीत, ज्या दिव्याच्या बटनाला कोणी हात लावत नाही तिथे वापरता येतील. मुलाला सांगा, बल्बऐवजी भिंतीतलं बटन स्मार्ट कर. बोर्डाच्या मागे बसणारं छोटं यंत्र मिळतं. मग बल्ब साधा, बटन नेहमीचं, ह्यांची सवय शाबूत, आणि फोनवरूनही दिवा लागतो. वायरमनला आधी विचारा, बोर्डात न्यूट्रलची वायर आली आहे का, कारण अशा बऱ्याच यंत्रांना ती लागते आणि जुन्या घरांत ती बोर्डापर्यंत आणलेली नसते.

बटन मागितलं तर आपण जुनाट ठरू असं वाटत असेल, तर मोटारींकडे बघा. सगळी बटनं काढून एका मोठ्या पडद्यात घालायची टूम निघाली आणि माणसं गाडी चालवताना वायपरसाठी पडद्यात बोटं घालायला लागली. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी 'युरो एनकॅप' ही संस्था आहे. तिनं २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीचा कॉल या पाच गोष्टींना हाताला लागणारी खरीखुरी बटनं हवीत असं ठरवलं. म्हणजे तुमची मागणी जुनी नाही, उलट अगदी ताजी आहे.

घंटेबद्दल तुम्ही फक्त 'बदलली' एवढंच लिहिलंत. पण दाबल्यावर ती फक्त फोनमध्ये वाजत असेल आणि फोन आतल्या खोलीत असेल, तर घरात प्लगमध्ये लावायचा वेगळा वाजणारा डबा मिळतो का, हे मुलाला विचारा. बऱ्याच घंटांना तो जोडता येतो.

आता 'बंद करून चालू कर'. ताई, हा सल्ला ऐकताना अपमान वाटतो, पण सल्ला खरा आहे. राऊटर म्हणजे एक छोटा संगणकच, महिनोन्महिने न झोपता राबणारा. घरातल्या प्रत्येक यंत्राची तो आठवणीत नोंद ठेवतो, काही नोंदी शिळ्या होतात, एखादं काम अर्ध्यात अडकतं आणि जागा धरून बसतं. वीज काढली की पाटी कोरी. फक्त एक करा. पिन काढून लगेच लावू नका, अर्धा मिनिट थांबा. आत कपॅसिटर नावाचे भाग थोडी वीज साठवून ठेवतात. घाई केली तर यंत्र बंद झाल्यासारखं वाटतं, पण पुरतं बंद होतच नाही. पिन लावल्यावर दोन-तीन मिनिटं त्याच्याकडे बघूही नका.

स्वयंपाकघरातल्या कॉलचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे. कॉल अडकतो तेव्हा मायक्रोवेव्ह चालू असतो का, एवढं आठवा. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. दोघं एकाच गल्लीत. मायक्रोवेव्हच्या पेटीतून अगदी थोडी गळती होते. ती माणसाला बाधत नाही, पण वायफायच्या कुजबुजीपुढे ती आरोळी ठरते. राऊटरवर पाच गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा असतो, नावापुढे बऱ्याचदा ५ लिहिलेलं असतं. कॉलसाठी तो निवडा. त्याला भिंती कमी भेदता येतात, म्हणून राऊटरची जागाही बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या बाजूला किंवा आरशामागे असेल तर काढा. उंचावर, उघड्यावर ठेवा. दिसायला बरा दिसत नाही म्हणून त्याला कोंबून ठेवतात आणि मग रेंज नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

केबलींचं दुखणं मला मनापासून पटलं. दोन्ही बाजूंनी घालता येणारी ती लंबगोल पिन, यूएसबी-सी, ही खरं तर माझ्या आवडत्या वस्तूंपैकी एक. जुनी चौकोनी पिन आधी उलटी, मग सुलटी, मग पुन्हा पहिल्यासारखीच करून जायची. या बाईचं तसं नाही. तिच्या त्या चिमुकल्या तोंडात २४ टोकं असतात. युरोपीय संघानं तर २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना हीच पिन सक्तीची केली. पण पिनेचा आकार एक झाला, आतल्या वायरी एक झाल्या नाहीत. एक केबल फक्त चार्ज करते, फोटो पलीकडे पाठवणाऱ्या वायरी तिच्यात नसतातच. दुसरी फोटो पाठवते पण सावकाश. तिसरी तिच्या ऐंशी पट वेगानं पाठवू शकते. आणि अंगावर कुठेही काही लिहिलेलं नाही! चार वेगवेगळ्या औषधांच्या बाटल्या बिनलेबलच्या विकायच्या, तसंच झालं हे. तुम्ही एकच करा. चालणाऱ्या दोन केबलींच्या टोकांना नेलपॉलिशचा ठिपका लावा. न चालणाऱ्या दोन घरातून घालवा, 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून खणात ठेवू नका.

घालवण्याआधी मात्र एक पाहा. माझा फोन मधे केबल धरेना. वाकडी धरली की चार्ज व्हायचा, सोडली की बंद. मी नवी केबल आणली, मग नवा चार्जर आणला, मग दुरुस्तीचं काम केलेला मी शहाणा माणूस नवा फोन बघायला लागलो. एका रात्री विजेरी घेऊन फोनच्या पिनेच्या भोकात डोकावलो तर तळाशी काहीतरी करडं. फोन बंद केला, लाकडी दातकोरणी घेतली (धातूची सुई किंवा टाचणी अजिबात नको) आणि कडेकडेनं हळूच उकरलं. खिशातल्या कापडाचे तंतू महिनोन्महिने आत जाऊन, केबलच्या टोकानं रोज ठासून ठासून, त्यांची नमद्यासारखी घट्ट वडी झालेली. ती निघाली आणि केबल 'टक' करून बसली. तो 'टक' मी चार-पाच वेळा ऐकला, उगाच काढून पुन्हा घालून. तुमचा फोन पर्समध्ये असतो ना?

वही कपड्यांखाली लपवण्याबद्दल तुम्ही जरा शरमून लिहिलं आहे. शरमू नका. दूर कुठेतरी बसून पासवर्ड चोरणाऱ्याला तुमचं कपाट उघडता येत नाही. फोनचं कुलूप आणि बँकेचा पिन तेवढा वहीत नको, तो डोक्यात. आणि ओटीपी कोणालाही नको, अगदी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही. बाकी मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड हे कर्मकांड ज्या मार्गदर्शक सूचनांतून पसरलं, त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत बिल बर यांनी २००३ च्या सुमारास लिहिल्या होत्या. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्यांनी स्वतःच एका वृत्तपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा त्यांना पश्चात्ताप होतो. माणसं शेवटचा १ काढून २ करतात, बाकी काही बदलत नाही. त्याच वर्षी संस्थेनंही नियम फिरवला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, उगाच ठरावीक मुदतीनं नको. तरीही काही ठिकाणी अजून बदलायला लावतात. तिथे इलाज नाही. जिथे मोकळीक आहे तिथे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लांबलचक पासवर्ड करा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका.

फोन दिवसभर टुणटुणत असेल तर तेही थांबतं. जी सूचना नको, तिच्यावर बोट दाबून धरा, किंवा ती डावीकडे सरकवा. बंद करायचा पर्याय तिथेच निघतो. माणसांचे निरोप ठेवा, काही विकायला आलेल्यांची तोंडं बंद करा. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच बंद केलीत की फोन माणसाळतो.

राहिला आवाज.

दुरुस्तीच्या दिवसांत मला फोनवर तक्रारी यायच्या. 'चालत नाहीये.' काय होतंय? 'काही होत नाहीये.' पडद्यावर काय दिसतंय? 'ते येतं ना, तेच आलंय.' पलीकडच्या माणसाला काही दिसत नसतं, ताई. डोळे बांधून दुसऱ्याच्या हातानं सुईत दोरा ओवायला सांगितल्यासारखं असतं ते. शिवाय हे सगळं त्यानं हौसेनं दिलंय. तुमच्या प्रत्येक फोनमधून त्याला ऐकू येतं की मी दिलेलं आईला सुखाचं झालं नाही. हा माझा अंदाज, पण बापाच्या वयाचा अंदाज आहे.

तर पुढच्या वेळी सांगत बसू नका, दाखवा. पडद्यावर जे आलंय त्याचा फोटो काढून पाठवा आणि खाली लिहा, 'सवडीनं बघ'. सहा फोनांची दोन वाक्यं होतील. आणि तो घरी येईल तेव्हा एक नियम करा: रिमोट तुमच्या हातात, त्यानं हाताची घडी घालून बसायचं आणि नुसतं तोंडानं सांगायचं. मुलं काय करतात, फोन हातातून काढून घेतात, अंगठा भिरभिर फिरवतात आणि 'हे बघ, झालं' म्हणून परत देतात. झालेलं असतं त्यांना. जे शिकाल ते त्याच वहीत तुमच्या भाषेत लिहा. 'चक्राचं चित्र, मग तिसरी ओळ' असं. त्याचं शास्त्रशुद्ध नाव गेलं खड्ड्यात.

हा उपदेश मी स्वतः मोडलेला आहे. वडिलांकडे व्हीसीआर होता, व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र. वीज गेली की त्याचं घड्याळ पुसलं जायचं आणि पुढे १२:०० लुकलुकत राहायचं. ते लावायला कुठली बटनं कुठल्या क्रमानं दाबायची हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही. दर वेळी मला बोलवायचे. एकदा मी दिवसभराचं काम करून दमून गेलो होतो आणि बोलून गेलो, 'किती वेळा सांगायचं?' ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तर घड्याळाच्या जागी काळी इन्सुलेशन टेप. माझ्याच पेटीतली. मापात कापलेली, कडा बोटानं दाबून बसवलेल्या. त्यानंतर त्यांनी मला घड्याळासाठी कधी बोलावलं नाही, आणि तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. व्हीसीआरमध्ये वेळ धरून ठेवणारा एक छोटा सेल घातला असता तर ती टेप लागली नसती. तो सेल कारखान्यानं वाचवला.

तुमचा चार दिवस बंद असलेला टीव्ही मला त्या टेपसारखा दिसला, म्हणून एवढं लांबण लावलं.

सगळं परत देऊ नका. दिव्यांचं वर लिहिलं तसं करून घ्या. टीव्ही, फोन आणि नातीचे फोटो ठेवा. मुलाला आज-उद्या फोन करा, पण कुठल्याही यंत्राचं नाव न काढता. इकडचं तिकडचं बोलून झालं की सांगा, त्या दिवशी तुझा आवाज बदलला तो मला लागला. रागावून नको, नुसतं सांगा. त्याला बहुतेक ते लक्षातही नसेल. माझ्याही नव्हतं.

आणि फोनच्या पिनेतून काही निघालं तर मला जरूर कळवा. माझं आगकाडीच्या गुलाएवढं होतं.